गिअरबॉक्स उतरवण्याआधी बिल शोधा

पत्र: माझ्याकडे २००५ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. १.८ टर्बो पेट्रोल, पाच गिअरची. गेल्या दिवाळीत सेकंडहँड घेतली. क्लच स्लिप व्हायला लागला म्हणून एका गॅरेजमध्ये नवा टाकून घेतला. मूळचं दोन भागांचं फ्लायव्हील ‘टिकत नाही’ असं सांगून त्यांनी त्याच्या जागी हलकं, सलग पोलादी फ्लायव्हील आणि ‘परफॉर्मन्स’ क्लच बसवला. तेव्हापासून सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभा राहिलो की पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो. क्लच दाबला की गायब. आता दोन महिन्यांपासून सकाळी कुईकुईही सुरू झाली आहे. पेडलवर नुसता पाय टेकवला तरी ती थांबते. ज्यांनी काम केलं ते म्हणतात, असल्या क्लचला आवाज असतोच. दुसरे म्हणतात, गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलं, बॉक्स उघडावा लागेल. तिसरे म्हणतात, रिलीज बेअरिंग. कोणाचं ऐकू? आणि पुढच्या महिन्यात आम्ही चौघं गोव्याला निघालोय. हीच गाडी नेऊ का? – आरएसवाला, छत्रपती संभाजीनगर

नमस्कार आरएसवाले,

तुमची गाडी तुमच्याच गावची, शेंद्र्याच्या कारखान्यात जुळलेली. ती अजून चालवणारी माणसं आता फार उरलेली नाहीत, त्यामुळे तुमचं पत्र जरा सावकाश वाचलं. त्यात दोन वेगळे आवाज आहेत. तिन्ही गॅरेजवाले मात्र एकेकाच आवाजाबद्दल बोलताहेत, आणि प्रत्येकाने आपल्या सोयीचा निवडलाय.

आवाज कुठून येतो हे कानाने शोधायला गेलं की माणूस फसतो. क्लचचं घर आणि गिअरबॉक्स एकाच ओतीव धातूच्या खोक्यात असतात. एका टोकाची खरखर दुसऱ्या टोकाला तितकीच ऐकू येते. त्यापेक्षा आवाज कधी येतो आणि त्या वेळी आत काय फिरत असतं, हे विचारावं. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, पाय पेडलवरून पूर्ण काढलेला, अशा वेळी क्लच प्लेट फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाला फिरणारी जड चकती) आणि तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या मध्ये घट्ट धरलेली असते. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, म्हणजे ताकद आत नेणारा दांडा, इंजिनाच्या वेगाने फिरतो आणि त्याच्यामागे गिअरच्या सगळ्या जोड्या फिरतात. त्यांच्यावर भार मात्र कसलाच नसतो. पेडल दाबलं की प्लेट सुटते, क्षण-दोन क्षणांत शाफ्ट थांबतो आणि गिअर गप्प होतात. प्रेशर प्लेटला ढकलून क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर मात्र खरा भार तेव्हाच येतो.

म्हणून पेडल दाबल्यावर जो आवाज बंद होतो, त्याचा संशय शाफ्टवर, गिअरवर किंवा शाफ्टच्या बेअरिंगवर. दाबल्यावर जो सुरू होतो, पाय खाली नेताना वाढत जातो, तो रिलीज बेअरिंगचा किंवा प्रेशर प्लेटच्या बोटांचा, म्हणजे बेअरिंग जिथे टेकतं त्या स्प्रिंगच्या पात्यांचा. एवढं प्रत्येक मिस्त्रीला पाठ असतं. तुमची कुईकुई या दोन्हींत बसत नाही, आणि गोंधळ तिथेच झालाय. तिच्याकडे नंतर येतो.

आधी खिळ्यांचा डबा.

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) प्रत्येक फेरीत दोन स्फोट होतात. आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, ८५० आरपीएम धरलं तर सेकंदाला साधारण २८ धक्के. म्हणजे क्रँक सरळ एकसारखा फिरत नाही, सेकंदाला २८ वेळा पुढे झेपावतो आणि मागे रेंगाळतो. हे झटके तसेच इनपुट शाफ्टपर्यंत पोचले तर मोकळ्या फिरणाऱ्या गिअरचे दात एकमेकांवर आपटत राहतात. दातांत थोडी फट ठेवावीच लागते, ती नसेल तर गिअर गरम होऊन जाम होतील. तुमचा आवाज म्हणजे त्या फटीतली आपटाआपट असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

दोन भागांचं फ्लायव्हील, ज्याला गॅरेजमध्ये ड्युअल मास म्हणतात, ते याच झटक्यांसाठी असतं. त्याचा एक भाग क्रँकला बोल्टने पक्का, दुसऱ्यावर क्लच बसतो, आणि दोन्हींच्या मध्ये ग्रीसमध्ये लांब कमानदार स्प्रिंगा. झटका स्प्रिंगा खातात आणि शाफ्टला बऱ्यापैकी गुळगुळीत फिरणं मिळतं. ते काढून सलग लोखंड बसवलं की हा आवाज येणार, त्यात नवल काही नाही. इथपर्यंत पहिल्या गॅरेजचं म्हणणं खोटं नाही.

पण त्यांनी तुम्हाला अर्धंच सांगितलं. ड्युअल मास फ्लायव्हील असलेल्या गाड्यांची क्लच प्लेट बहुधा बिनस्प्रिंगची असते, कारण स्प्रिंगा फ्लायव्हीलमध्येच असतात. सलग फ्लायव्हील लावायचं तर प्लेटही बदलावी लागते. तिच्या मधल्या भागात, हबभोवती, गोल गुंडाळलेल्या जाड स्प्रिंगा हव्यात. फ्लायव्हील सलग आणि प्लेटही बिनस्प्रिंगची, अशी जोडी बसली असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये झटका खाणारं आता काहीच उरलेलं नाही. अशा वेळी ‘आवाज असतोच’ म्हणणं मला पटत नाही. रोज त्या जोडीवर चालवलं तर इनपुट शाफ्टचे स्प्लाइन (प्लेट ज्यावर बसते त्या खाचा) आणि सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्या) झिजतात. टर्बोचा टॉर्क २,००० आरपीएमच्या आसपास एकदम येतो, तेव्हा तर जास्तच.

म्हणून माझा पहिला सल्ला: स्टेथोस्कोप राहू द्या, बिल शोधा. बिलावर किंवा खोक्यावर प्लेटचा पार्ट नंबर असेल. खोकं फेकलं असेल तर गॅरेजला सरळ विचारा की प्लेटला स्प्रिंगा होत्या का. बसवणाऱ्याने ती हातात धरलेली असते, त्यामुळे ‘आठवत नाही’ हे उत्तरसुद्धा बरंच काही सांगतं. या गाड्यांवर सलग फ्लायव्हील लावणारे जगभरचे लोक फोक्सवॅगनच्या जुन्या जी-६० इंजिनाचं फ्लायव्हील आणि व्हीआर-६ इंजिनाचा २२८ मिलिमीटरचा क्लच अशी ठरलेली जोडी वापरतात. ती जोडी चालते, कारण तिची प्लेट स्प्रिंगांची आहे आणि फ्लायव्हील व प्रेशर प्लेट यांची उंची एकमेकांशी जुळते. एकाचं फ्लायव्हील, दुसऱ्याची प्लेट, तिसऱ्याचं कव्हर (प्रेशर प्लेटचा सांगाडा) असा काला केला की प्रेशर प्लेटच्या बोटांची उंची दोन-तीन मिलिमीटरने इकडेतिकडे होते. मग रिलीज बेअरिंग जिथे टेकायला हवं तिथे टेकत नाही. हे ध्यानात ठेवा, तुमच्या कुईकुईशी याचा संबंध असू शकतो.

बिल मिळेपर्यंत घरी करता येण्यासारख्या दोन-चार गोष्टी आहेत. गाडी मोकळ्या जागेत उभी करा, बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून कान लावत बसू नका. हँडब्रेक ओढा, न्यूट्रलला टाका, इंजिन पूर्ण तापू द्या. गार इंजिनाला आयडल वर असतो आणि गिअर ऑइल घट्ट असतं, त्यामुळे सकाळी हा खुळखुळाट कमी येईल. तापल्यावर वाढला तर माझा अंदाज बरोबर. आता अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबून इंजिन १,२००-१,३०० आरपीएमवर धरा. दातांची आपटाआपट तिथे विरून जायला हवी, कारण धक्के एकमेकांच्या जवळ आले की क्रँकचं झेपावणं-रेंगाळणं कमी होतं. एसी लावून आयडल जरा दबला की आवाज बदलेल, तीही त्याच बाजूची खूण. उलट १,२००ला आवाज न जाता त्याचा सूर चढला, २,०००ला आणखी चढला, आणि तो खुळखुळ नसून एकसंध घरघर असेल, तर दुसऱ्या गॅरेजचं बेअरिंग खरं असू शकतं.

त्या बेअरिंगची चाचणी रस्त्यावर पूर्ण होते. शाफ्टचं बेअरिंग गेलेलं असेल तर गाडी पळतानाही घरघर येते, ओढताना एक सूर आणि पाय सोडल्यावर दुसरा. गिअर बदलला तरी ती इंजिनाच्या वेगामागे जाते. इथे एक जुना नियम कोणी ऐकवेल, ‘चौथ्या गिअरात आवाज गेला तर काउंटर शाफ्टचं बेअरिंग.’ तो नियम लांबट गिअरबॉक्सच्या, मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांचा. तिथे चौथा बहुधा थेट असतो. तुमच्या आडव्या गिअरबॉक्समध्ये थेट गिअर नाही, पाचही वेळा ताकद दातांतूनच जाते. तसंच कोणी ‘पायलट बेअरिंग’ (क्रँकच्या टोकात शाफ्टला टेकू देणारं) बदलायचं म्हणून अंदाजपत्रकात लिहिलं, तर त्याने तुमच्या गाडीचा बॉक्स आजवर उतरवलेला नाही असं खुशाल समजा. या गाडीत ते बेअरिंगच नाही.

आणखी एक स्वस्त पुरावा म्हणजे गिअर ऑइल. दोन लिटरच्या आसपासच असतं. ते गरम असताना स्वच्छ भांड्यात काढा आणि उन्हात धरून बघा. बारीक राखाडी चिखल वयाप्रमाणे असतोच. पितळी चमक दिसली तर ती सिंक्रोची. लोखंडाचे कण बोटांना टोचले तर मात्र गिअरबॉक्सवाल्याकडे जाणं आलं. नवं ऑइल भरताना कंपनीच्या मॅन्युअलमधला ग्रेडच भरा. आवाज दबावा म्हणून कोणी ट्रकचं जाड ऑइल सुचवेल. दबेलही, पण थंडीत दुसरा गिअर पडणार नाही.

आता कुईकुई.

सगळ्यात आधी इंजिन बंद ठेवून पेडल दहा वेळा दाबा. आवाज तेव्हाही आला तर तो पायाशीच आहे. पेडलच्या टेकूची बुशिंग, पेडल हलकं करणारी स्प्रिंग किंवा क्लचचा मास्टर सिलिंडर. हे सगळं डॅशबोर्डखाली आहे, बॉक्सला हात लावायची गरज नाही. हसू नका, पेडलच्या कुरकुरीपायी आख्खा बॉक्स खाली घेतल्याचं मी पाहिलंय.

इंजिन बंद असताना काहीच आलं नाही तर पुढचा संशय बेल्टवर. डायनामोचा बेल्ट, त्याची पुली, टेन्शनर यांचा आवाज सकाळी अगदी असाच असतो. पण पाय टेकवल्यावर तो थांबत नाही. तुमचा थांबतो, म्हणून बेल्ट जवळजवळ सुटला. तरी खात्री हवी असेल तर मिस्त्रीकडून तो बेल्ट काढून मिनिटभर इंजिन चालवून बघा. तुमच्या गाडीत पाण्याचा पंप टायमिंग बेल्टवर फिरतो, एवढ्या वेळात काही बिघडत नाही.

मग उरतं रिलीज बेअरिंग आणि त्याला ढकलणारी फोर्क. ‘रिलीज बेअरिंग क्लच दाबल्यावरच वाजतं’ हे केबलच्या क्लचच्या जमान्यातलं वाक्य आहे. त्या गाड्यांत पेडल सोडल्यावर बेअरिंग आणि प्रेशर प्लेट यांच्यात जाणूनबुजून फट ठेवत. तुमचा क्लच हायड्रॉलिक आहे. यात बेअरिंग सतत प्रेशर प्लेटच्या बोटांना हलकं टेकून फिरत असतं. बेअरिंग झिजलं, किंवा फोर्क ज्या गोल खुंटीवर डुलते तिच्यावरची प्लास्टिकची वाटी फुटली, की ते धड टेकतही नाही, धड सुटतही नाही. थोडं घसरतं, थोडं फिरतं, आणि कुईकुई येते. पाय टेकवला की हलका भार मिळतो, ते नीट बसतं आणि गप्प होतं. तुमचं वर्णन याच्याशी तंतोतंत जुळतं. तेव्हा तिसऱ्या गॅरेजचं निदान बरोबर, फक्त ते दुसऱ्या आवाजाचं.

एक प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा: गेल्या दिवाळीनंतरच नवा क्लच टाकला, तर बेअरिंग इतक्यात का वाजावं? तीन कारणं संभवतात. सेटमध्ये बेअरिंग नव्हतंच आणि जुनंच परत बसवलं. किंवा बेअरिंग नवं, पण वाटी, खुंटी आणि बेअरिंग ज्यावर सरकतं ती नळी जुनीच ठेवली. किंवा वर म्हटला तसा काला झालाय, बोटांची उंची चुकलीय आणि बेअरिंग पहिल्या दिवसापासून तिरकं टेकतंय. तिसरं खरं असेल तर नवं बेअरिंगही तितक्याच दिवसांत वाजेल. दोन्ही आवाजांचं मूळ एकाच बिलात असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

बॉक्स खाली घ्यावा लागणार, हे उघड आहे. बेअरिंग बाहेरून बदलता येत नाही. फोर्कला रेटणारा स्लेव्ह सिलिंडर मात्र बाहेरच आहे, तो गळत असेल तर त्यासाठी बॉक्स काढू देऊ नका. या कामात मजुरी मोठी असते, म्हणून एकदा उघडल्यावर पाचशे-हजाराच्या वस्तूंत कंजुषी करू नका. बेअरिंग, फोर्क, खुंटीची वाटी, सरकनळी, क्रँकचं मागचं ऑइल सील, फ्लायव्हीलचे नवे बोल्ट. हे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ताणून घट्ट केलेले असतात, जुने पुसून परत लावले तर त्यांच्यावर भरवसा नाही. स्प्लाइनवर ग्रीस नखभर, त्याहून जास्त लावलं की ते फिरताना उडून प्लेटवर जातं. आणि मागच्या मालकाने गाडी जोरात उडवलेली असेल, पुढची चाकं जागेवर फिरवण्याची हौस असेल, तर डिफरन्शिअलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या भागाच्या) मोठ्या गिअरचे रिव्हेट पाहून घ्या. या जातीच्या गिअरबॉक्सचं ते जगजाहीर दुखणं आहे. रिव्हेट तुटून खोक्याला आतून भोक पाडतात. तिथे बोल्ट लावून घेणारे पुष्कळ आहेत, मीही लावेन.

जड ‘परफॉर्मन्स’ प्रेशर प्लेट असेल तर आणखी एक तपासणी. प्रत्येक वेळी पेडल दाबताना ती क्रँकला पुढच्या बाजूला ढकलते, आणि तो रेटा क्रँकचं पुढेमागे सरकणं रोखणाऱ्या थ्रस्ट वॉशरवर येतो. पेडल दाबल्यावर आयडल स्पष्ट खाली बसत असेल किंवा इंजिनाचा सूर बदलत असेल, तर डायल गेजने क्रँकचं पुढेमागे हलणं मोजून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडा. पाच मिनिटांचं काम आहे, पण फार कमी ठिकाणी करतात.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी मत देतो. बॉक्स उघडताच आहात तर परत ड्युअल मास लावा, त्याच्या जोडीची प्लेट आणि कव्हर यांसकट. ‘टिकत नाही’ हे अर्धसत्य आहे. ते झिजणारा भाग आहेच, आणि पेंगत्या आरपीएमवर चौथ्या-पाचव्यात दाबून चालवलं तर लवकर जातं. त्याचं जाणंही ओळखू येतं: इंजिन सुरू करताना आणि बंद करताना ठणठण, कमी वेगात ओढताना थरथर. हलक्या फ्लायव्हीलने इंजिन चटकन फिरतं हे खरं, ट्रॅकवर मलाही आवडतं. पण क्रांती चौकातल्या गर्दीत त्याचा उपयोग गाडी बंद पडण्यापलीकडे होत नाही. सलगच ठेवायचं असेल तर निदान स्प्रिंगांची प्लेट आणि एकाच कंपनीचा जुळलेला सेट, आणि थोडा खुळखुळाट आयुष्यभर.

गोव्याचं. आवाज फक्त डब्यातल्या खिळ्यांचा असता आणि प्लेट स्प्रिंगांची निघाली असती, तर जा म्हटलं असतं. कुईकुईमुळे नाही म्हणतो. रिलीज बेअरिंग जाम झालं की ते बोटं खातं, मग पेडल जमिनीला लागलं तरी क्लच सुटत नाही. हे आंबोली घाटात, चौघं आणि सामान घेऊन, चढावर हाफ क्लचवर रेंगाळताना घडेल, कारण बेअरिंगवर सगळ्यात जास्त वेळ भार तेव्हाच असतो. एक महिना हाताशी आहे, काम आठवड्यात होतं. तोवर गाडी चालवायचीच असेल तर सिग्नलला क्लच दाबून उभं राहू नका, न्यूट्रल करून पाय काढा. खुळखुळ ऐकू येईल, येऊ द्या. पेडल दाबल्यावरही घरघर येऊ लागली, पेडल थरथरलं किंवा रिव्हर्स टाकताना करकरला, तर त्या दिवशी गाडी तिथेच उभी करा आणि उचलून न्या.

गॅरेज ठरवताना अंदाजपत्रकावर प्रत्येक भागाचा नंबर लिहून घ्या आणि काढलेले भाग परत मागा. जुनी प्लेट हातात आली की मधल्या हबभोवती स्प्रिंगा आहेत का ते बघा आणि तिचा फोटो पाठवा, जुन्या बिलासकट. बिलावरचा नंबर वाचता येईल असा काढा.